कानबाईच्या गाण्यातलं भय

श्रावण लागला की जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्यावर हातगाड्यांवर गिलक्यांचे, म्हणजे घोसाळ्यांचे, हिरवेगार ढीग दिसू लागतात. बायका दोन बोटांनी दाबून कोवळी कोवळी निवडून घेतात, आणि चार दिवसांत घराघरांतून बेसनात बुडवलेल्या गिलक्याच्या भज्यांचा वास यायला लागतो. लोकांना या वासानं सणांची चाहूल लागते. मी मात्र धास्तावतो. बायको पिशवीतून गिलकी काढून ओट्यावर ठेवते, माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "आला का तुमचा श्रावण?"

खानदेशात नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा. नारळालाच देवी करायचं. त्याला नथ घालायची, लुगडं नेसवायचं, दागिने चढवायचे, चौरंगावर बसवायचं. एका कुळाचे सगळे भाऊबंद त्या दिवशी एका घरात जमतात. गव्हाच्या कणकेचे रोट होतात, पुरणपोळी होते, गिलक्याची भजी होतात. बायका देवीची गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर जातात. आनंदाचा सण. त्या आनंदाच्या सणाला मी का घाबरतो, हे सांगायचं तर काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणाबद्दल सांगायला हवं.

मी मुळातच भित्रा माणूस. लिफ्टमध्ये एकटा चढत नाही. फोनवर अनोळखी नंबर दिसला की आधी छातीत धडधडतं, मग तो उचलावा की नाही याचा विचार सुरू होतो. डाळ मिलच्या ऑफिसात माझी नोकरी. साहेबांनी नुसतं "जरा या" म्हटलं तरी उठेपर्यंत मी गेल्या महिन्याभरातल्या चुका आठवून घेतो. एकाच ठिकाणी मला भीती वाटत नाही असं मी समजत होतो, ते म्हणजे आमच्या कॉलनीतलं भजनी मंडळ. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं मी तबला वाजवतो. हात फार तयार नाही, पण ठेका सोडत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात माझी मुलगी मुक्ता सुट्टीला घरी आली होती. ती धुळ्याला इंजिनिअरिंगला होती. तिथं कॉलेजातल्या तेजस नावाच्या मुलाबरोबर तिचं गाणंबजावणं चालायचं. तो गिटार वाजवायचा, ही गायची आणि लॅपटॉपवर आवाजांची काय काय उलथापालथ करायची. जळगावचा मे महिना. कूलरमध्ये पाणी ओतून हात दुखून येत होते, पडदे ओढलेले, खोलीत वाळ्याचा ओला वास. मी पलंगावर पडलो होतो. मुक्तानं येऊन माझ्या कानांवर तिचे मोठे हेडफोन बसवले.

"पप्पा, डोळे मिटा आणि ऐका. मध्येच काढू नका."

आधी काहीच नव्हतं. मग खूप लांबून, दगडी चर्चमधून यावेत तसे पुरुषांचे आवाज आले. एकाच सुरात, संथ. शब्द कळत नव्हते, पण ती प्रार्थना आहे हे कळत होतं. मला बरं वाटलं. तेवढ्यात त्या आवाजांच्या खालून गिटार वर आली. कशातून तरी ओरबाडून काढल्यासारखी. कापसाच्या जिनिंगमधलं यंत्र अडकलं की जसं किंचाळतं, तसा तिचा सूर. ती प्रार्थनेला गिळणार असं वाटत असतानाच प्रार्थनेचा आवाज मोठा झाला, त्याला प्रतिध्वनी फुटले, एकाचे दहा झाले, डाव्या कानातून उजव्या कानात फिरायला लागले. मी डोळे उघडले. समोर कूलर, भिंतीवर कॅलेंडर. तरी मला खोलीत कोणीतरी आल्यासारखं वाटत होतं. मी हेडफोन काढले.

"काय गं हे?"

"सायकेडेलिक रॉक. साठ-सत्तर सालात तिकडच्या पोरांनी असे पुष्कळ अल्बम केले. चर्चची प्रार्थना घेतली, मठातलं पठण घेतलं, आपल्याकडचे मंत्र, सतार, सगळं. आणि रॉकमध्ये सोडलं."

"सायकेडेलिक म्हणजे?"

"म्हणजे…" ती जरा अडखळली. "डोकं उघडतं असं संगीत."

"बंदच बरं आहे माझं," मी म्हटलं.

ती हसली. पण त्या महिन्यात तिनं मला असे बरेच अल्बम ऐकवले. मी घाबरत घाबरत ऐकले. का ऐकले? आता विचार करतो तेव्हा वाटतं, ती भीती मला ओळखीची होती म्हणून. आमच्या मंडळात भजन रंगात आलं की लय चढते. टाळ एकमेकांत मिसळतात, म्हणणाऱ्यांचे चेहरे बदलतात, आणि एक क्षण असा येतो की आता हे थांबलं नाही तर काय होईल कोण जाणे, असं मला वाटतं. बरोबर तिथंच मी तिहाई घेऊन भजन खाली आणतो. लोक म्हणतात, "किती संयमानं वाजवता!" मी घाबरून थांबतो, हे कोणाला माहीत नव्हतं. त्या परदेशी पोरांच्या अल्बममध्ये मात्र नेमक्या त्याच क्षणी कोणी थांबत नव्हतं. ते पुढे जात होते. देवघराचं दार ओलांडून आत, जिथं दिवा पोचत नाही तिथं.

जुलैमध्ये मुक्तानं फोनवर सांगितलं, "पप्पा, आम्ही पण एक अल्बम केलाय. चार गाणी. नाव 'चौरंग'. गाणारी ओळखा."

गाणारी माझी मोठी बहीण होती. अक्का.

अक्काचं सासर धुळ्याजवळ, पांझरेच्या काठच्या एका गावात. तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या भाऊबंदकीत कानबाईची गाणी अक्काच म्हणत आली. ती ओळ म्हणायची आणि बाकीच्या बायका मागून ओढायच्या. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. मुक्ता शनिवार-रविवारी हॉस्टेलमधून फुईकडे जायची, हे मला माहीत होतं. तिथं जाऊन ती गोठ्याच्या बाजूच्या खोलीत गोधड्या टांगून अक्काचा आवाज रेकॉर्ड करते, हे माहीत नव्हतं.

अल्बम मी गच्चीवर जाऊन ऐकला. दिवसाउजेडी, मुद्दाम. बायको शेजारी कपडे वाळत घालत होती.

पहिलं गाणं माझ्या चांगल्या ओळखीचं. त्यात देवी लांबून चालत येते. वाटेत बाभळीचे काटे, वाटेत नदी. ती दारापाशी येते आणि आतल्यांना म्हणते, दार उघडा. हेच 'दार उघडा' प्रत्येक कडव्याचं पालुपद. लहानपणापासून अशी गाणी ऐकत आलो. अक्काचा आवाज तोच होता, जाडसर, थोडा घासलेला. पण तिच्या मागे आता एक मोठी पोकळी होती, जणू ती विहिरीच्या तळाशी उभी राहून गात असावी. डफ वाजत होता, पण त्याचा प्रत्येक ठोका विरत न जाता लांबत होता. 'दार' या शब्दावर मुक्तानं आवाज धरून ठेवला होता. तो संपेचना. त्याखाली तेजसची गिटार घरघरायला लागली. मग तोच शब्द उलटा वाजला. माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज, मागून पुढे, श्वास सोडण्याऐवजी ओढत येणारा. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं 'दार उघडा' हे मी दाराच्या आत बसून ऐकलं होतं. दाराबाहेर कोण उभं आहे, याचा विचार कधी केला नव्हता.

मी फोन बायकोकडे दिला. तिनं चिमटे तोंडात धरूनच ऐकलं. मग म्हणाली, "अक्काचा आवाज किती छान आलाय!" आणि चादर झटकली.

पंधरवडाभर काही झालं नाही. मग कोणीतरी त्यातला नेमका तो उलटा तुकडा कापून मोबाइलवर फिरवला. खाली लिहिलं होतं, देवीच्या गाण्याची विटंबना. तो तुकडा फिरत फिरत अक्काच्या सासरच्या ग्रुपवर आला. तिथून तिचे मोठे दीर, दौलतआबा, यांचा मला फोन आला. आबा भाऊबंदकीतले कर्ते. कमी बोलणारे.

"भाऊ, ह्या काय चालू शे?" ते म्हणाले. "आमनी कानबाई डीजेमा नाचाडी ऱ्हायनी का तुमनी पोर?"

मी काहीतरी पुटपुटलो. पोरं आहेत, कॉलेजचं काम आहे, असं.

"आवंदा रोट मन्हा घर शेतस," आबा म्हणाले. "तुमनी बहीन येई, बसी, जेवी. गानं नही म्हनाव. आनि पोरले लई या. बठ्ठासमोर बोलूत."

यंदा रोट माझ्या घरी आहेत; तुमची बहीण येईल, जेवेल, पण गाणार नाही; आणि पोरीला सगळ्यांसमोर घेऊन या. एवढंच. आवाज चढवला नव्हता त्यांनी. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

पुढचे दिवस वाईट गेले. इंटरनेटवर अल्बमच्या खाली कोण कोण लिहीत होतं. बरेचसे शिव्या देऊन निघून जात. एकानं मात्र लिहिलं होतं, "धुळ्यातच राहते ना ही? बघू." बघू. या एका शब्दानं माझी भूक गेली. मिलमध्ये डाळीची पोती उतरताना धप्प आवाज झाला तरी मी दचकायचो. मुक्ताला दिवसातून कितीदा तरी फोन करायचो. तिनं उचलला नाही की, आता ती कुठं असेल, रस्त्यात असेल का, मागे कोणी असेल का, असं सगळं डोळ्यांपुढे यायचं. गुरुवारी मंडळात गेलो, तर नेहमी माझ्यासाठी चहा ठेवणारे नाना माझ्याकडे न बघता टाळांच्या दोऱ्या सारख्या करत बसले. त्या संध्याकाळी माझा ठेका दोनदा सुटला.

आणि खरं सांगायचं तर, माणसांच्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. कानबाईचं सगळं कडक असतं. रोटांचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर जात नाही, त्यातला कणही वाया घालवत नाहीत. काही चुकलं, काही उणं पडलं की वर्षभर माणसं त्याचा संबंध घरातल्या आजारपणाशी जोडत राहतात. मी शिकलेला माणूस. तरी मुक्ताला साधी सर्दी झाली हे फोनवर कळलं, आणि मी देवघरासमोर जाऊन उभा राहिलो.

शनिवारी मी एकटाच धुळ्याच्या एसटीत बसलो. बायकोच्या शाळेत तपासणी होती, तिला सुट्टी मिळाली नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोन्ही बाजूला कपाशी हिरवी काळी उभी होती. शेजारच्या माणसानं विचारलं, "सणाला का?" मी "हो" म्हणालो, आणि स्वतःच्याच आवाजानं चमकलो.

मुक्ता धुळ्याच्या स्टँडवर उभी होती. बारीक झालेली. पाठीवर सॅक. गावाच्या रिक्षात बसल्यावर तिनं सांगितलं की तेजस येणार नाही. त्याच्या वडिलांनी त्याची गिटार कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

"तू तरी कशाला केलंस हे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "भावगीतं म्हण, सिनेमातली म्हण. देवाच्या गाण्यालाच हात कशाला लावायचा?"

ती रस्त्याकडे बघत बोलायला लागली.

"पप्पा, लहानपणी फुईकडे कानबाईला गेलो की मी तुमच्या मांडीत तोंड खुपसून बसायचे. आठवतं? सगळ्या बायका हसत असायच्या, फुगड्या घालत असायच्या, आणि मला त्या गाण्याची भयंकर भीती वाटायची. मला वाटायचं, ह्यांना कोणालाच कळत नाहीये का, खरंच कोणीतरी येतंय म्हणून? ते तिकडचे अल्बम ऐकले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, असंच वाटायचं मला. म्हणून केलं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आता पण भीती वाटतेय. पण ती वेगळी. घाण आहे ती."

मी तिचा हात धरला. दोघांचेही हात घामेजलेले होते.

रविवारी आबांच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. शेणानं सारवलेलं अंगण, पुरणाचा गोड वास, तळणीचा धूर. आतल्या खोलीत चौरंगावर कानबाई बसली होती. नाकात नथ, कपाळाला मळवट, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. माणसं माझ्याशी बोलत होती, पण पाऊसपाण्याबद्दलच. मुक्ताशी कोणीच बोलत नव्हतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून भजी तळत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"अक्का, तू माफी मागून टाक ना," मी कुजबुजलो.

"कसानी माफी?" तिनं झारा न थांबवता विचारलं. "मी गानं दिधं. पोरनी माले इचारीसन लिधं. माफी कसानी?"

आबांची बायको इंदूबाई, म्हणजे अक्काची मोठी जाऊ, चौरंगापाशी सगळं बघत होती. तीच सर्वांत जास्त दुखावली आहे, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. तो तुकडा ऐकून ती दोन दिवस जेवली नव्हती म्हणे.

दिवेलागणीला आरती झाली. मग गाण्यांची वेळ. बायका दाटीवाटीनं बसल्या. अक्का दारातच राहिली. एका तरुण सुनेनं गाणं उचललं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. देवी नदीपर्यंत आली, आणि तिथंच अडकली. पुढचे शब्द कोणालाच येत नव्हते. इतकी वर्षं अक्का पुढे होती, बाकीच्यांनी मागून नुसता सूर ओढला होता. सुनेनं दुसरं कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा नदी आली. पुन्हा सगळ्या थांबल्या. कोणीतरी अक्काकडे पाहिलं. आबांनी घसा खाकरला. समईची वात चरचरली तेवढी ऐकू आली.

आणि इंदूबाईच्या अंगात आलं.

आधी तिचे खांदे हलायला लागले. मग डोक्यावरचा पदर पडला, केस सुटले, श्वास भात्यासारखा वाजायला लागला. बायका बाजूला सरकल्या. कोणीतरी हळदकुंकू आणलं. पुरुष दारात येऊन हात जोडून उभे राहिले. मी लहानपणापासून हे पाहिलंय, पण तेव्हा देवी दुसऱ्यांशी बोलायची. आज ती कोणाशी बोलणार, ते त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुक्ता माझ्या मागे सरकली. तिचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता.

"मन्हं गानं," इंदूबाई घुमत म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "मन्हं गानं कोन लई गयं?"

बायकांनी माना खाली घातल्या.

"कोन लई गयं?"

अक्का पाटावरून उठली. पदराला हात पुसत पुढे आली. "कोनी नही लई गयं माय. मी दिधं. मन्ही भाची शे ती."

इंदूबाई घुमत राहिली. केस जमिनीवर घासत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटत होतं, आता शिक्षा येईल. काहीतरी असं, जे माझ्या पोरीला आयुष्यभर चिकटून राहील. मी मनातल्या मनात सगळं कबूल करत होतो. अल्बम काढून टाकू, गाणं बंद करू, तिला जळगावला घेऊन जातो.

"दिधं ते दिधं," इंदूबाई म्हणाली. मग मान वर केली. "मंग माले का बरं आयकाडं नही?"

दिलं ते दिलं. मग मलाच का ऐकवलं नाही?

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग सगळ्यांचे डोळे माझ्या मागे वळले. मुक्तानं सॅकमधून छोटा स्पीकर काढला. तो मी हातात घेतला आणि तिनं फोन काढला. फोन उघडेना. बोटाला घाम होता, यंत्र ते बोट ओळखत नव्हतं. तिनं बोट ओढणीला पुसलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा उघडला.

मी स्पीकर घेऊन चौरंगासमोर गुडघे टेकून बसलो. दुसरं काय करावं, मला सुचलं नाही.

अक्काचा आवाज त्या खोलीत विहिरीच्या तळातून आल्यासारखा वर आला. डफ वाजला. बाभळीचे काटे झाले, नदी आली. कोणीतरी "हां" म्हणालं. मग पालुपदातला 'दार' हा शब्द आला, लांबत गेला, गिटार घरघरली, आणि मी डोळे मिटले, कारण आता तो उलटा तुकडा येणार होता. तो आला. त्या भिंतींमध्ये, समईच्या उजेडात, नथ घातलेल्या नारळासमोर तो गच्चीवरच्यापेक्षा कितीतरी भयंकर होता. एक लहान मूल रडायला लागलं. आणि कोणीतरी माझं मनगट पकडलं.

इंदूबाई होती. तिचं घुमणं थांबलं होतं. ती मान कलती करून ऐकत होती. तिचा तळवा बर्फासारखा थंड होता, घामानं ओला होता, आणि माझ्या मनगटावर थडथडत होता. मी भित्रा माणूस आहे. ती पकड मी ओळखतो. आधारासाठी पकडतात तशी होती ती.

तुकडा संपला. गिटार विरली. मुक्तानं शेवटी अक्काचा आवाज तसाच सोडला होता, काहीही न करता. तिसरं कडवं सुरू झालं, जे कोणालाच येत नव्हतं. आणि माझ्या मागून, त्याच आवाजात, तेच शब्द, एक पाऊल पुढे ऐकू आले. अक्का म्हणायला लागली होती. एक अक्का डब्यातली, एक खरी. खरी जरा घाईत होती. मुक्तानं स्पीकर बंद केला. अक्का थांबली नाही. बायकांनी मागून सूर ओढला, आधी दोघीतिघींनी, मग सगळ्यांनी. देवी नदी उतरून अलीकडे आली.

इंदूबाई तिथंच आडवी झाली. पाणी पाजलं, पदर सारखा केला. डोळे उघडून तिनं विचारलं, "काय हुयनं?"

आबांनी मला बाहेर बोलावलं. अंगणात उभे राहिलो. त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "पुढला साले आधी इचारजो." एवढंच. आणि माझ्यापुढे तंबाखूची पुडी धरली, जी मी खात नाही. मी घेतली.

नंतर जळगावला बायकोला हे सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "इंदूबाईंनी वाट काढली हो. जावेला वाचवलं. भाऊबंदही तुटले नाहीत, देवीचा मानही राहिला." असेलही. शहाण्या माणसाला तसंच वाटेल. पण तो हात बायकोच्या मनगटावर नव्हता, माझ्या होता. तो खोटा हात नव्हता, एवढं मी सांगू शकतो. ती देवी होती की इंदूबाई, ते मला माहीत नाही. जी कोणी होती, ती घाबरली होती, आणि घाबरूनही शेवटपर्यंत ऐकत होती.

अल्बम अजून आहे तिथंच आहे. शिव्या देणारे दुसऱ्या कशाकडे तरी वळले. ज्यानं "बघू" लिहिलं होतं, तो कोण हे कधीच कळलं नाही. मुक्ता आता पुण्यात नोकरी करते, तरी तो शब्द माझ्या मनातून पुरता गेलेला नाही. तेजसची गिटार वर्षभरानं कपाटाबाहेर आली. नानांनी पुढच्या गुरुवारी माझा चहा ठेवला. मी अजूनही लय चढली की भजन खाली आणतो, पण आता आधीपेक्षा चार आवर्तनं उशिरा.

सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन बायका नदीवर निघाल्या. वाजंत्री पुढे, धुळीत फुगड्या, रस्त्यानं हळदकुंकू उधळलेलं. पांझरेला बऱ्यापैकी पाणी होतं. मुक्तानं काही रेकॉर्ड केलं नाही. सॅक तिनं फुईच्या घरीच ठेवली होती. अक्का पाण्यात शिरली, आणि तिनं तेच गाणं म्हटलं. मागे विहीर नव्हती, गिटार नव्हती, उलटं काही नव्हतं. मोकळ्या सकाळी, उन्हात, नदीच्या आवाजावर नुसता एक जाडसर बाईचा आवाज. आणि मला सांगायचंय ते हे, की त्या आठवड्यात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती तेव्हा. मुक्तानं त्या गाण्यात भीती घातली नव्हती. ती आधीपासून तिथंच होती. आम्हीच भज्यांच्या वासात, फुगड्यांच्या गलक्यात तिच्यावर कितीतरी वर्षांचं पांघरूण घातलं होतं. पोरीनं फक्त ते ओढून काढलं.

नारळ पाण्याखाली गेला. बायका मागे वळल्या. काठ चढताना अक्कानं आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओलं लुगडं पायांना चिकटलं होतं.

"अक्का," मी विचारलं, "तुला काल कशाचीच भीती वाटली नाही का गं? इंदूबाईसमोर गेलीस, सगळ्यांसमोर बोललीस, गायलीस."

अक्का दम घ्यायला थांबली.

"वाटस ना भाऊ," ती म्हणाली. "कालदीच नही, दर साले वाटस. गानं म्हनतांना पाय लटलट कापतस मन्हा. लुगडामा दिखत नही, इतलंच."